उन्हाळी भाजीची रोपं घरातच तयार करा: मराठवाड्यातल्या उन्हाचा हिशोब धरून

आपल्याकडं थंडी असते तरी किती, मग बी घरात रुजवायचा खटाटोप कशाला, सरळ वाफ्यात टाकलं की झालं, असं बरेच जण म्हणतात. भेंडी, गवार, पालक, मेथी यांच्यापुरतं ते बरोबरच आहे, ती थेटच टाकायची असतात. पण टोमॅटो, मिरची, वांगी आणि वेलांचं गणित वेगळं आहे. जानेवारीत परभणी, हिंगोलीकडं रात्रीचा पारा बऱ्याचदा एक आकडी होतो आणि मिरचीच्या बीला नीट उगवायला २५ ते ३० डिग्रीची ऊब लागते, म्हणजे थंड वाफ्यात टाकलेलं बी आठवडेच्या आठवडे तसंच पडून राहतं, काही कुजतं, काही मुंग्या ओढून नेतात. मग माणूस म्हणतो थंडी गेल्यावर टाकू. थंडी जाते महाशिवरात्रीला शिव शिव म्हणत, तेव्हा टाकलेलं रोप लावणीला येईपर्यंत मार्च संपत आलेला असतो, आणि एप्रिलात पारा चाळिशीला टेकला की टोमॅटोला फूल लागतं आणि गळून पडतं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २२-२४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरतच नाही, मग तुम्ही कितीही खत घाला.

म्हणून आपल्याकडं सगळा हिशोब एप्रिलच्या उन्हापासून मागं मोजत यायचा. मार्चमध्ये झाडाला फूल पाहिजे, म्हणजे फेब्रुवारीत लावणी पाहिजे, म्हणजे जानेवारीत रोप टाकलेलं पाहिजे, आणि जानेवारीत बाहेर उगवत नाही म्हणून घरात. घरात रोप करायचं कारण एवढंच आहे, आणि हे कारण डोक्यात पक्कं असलं की पुढची प्रत्येक गोष्ट कधी करायची ते आपोआप कळतं.

बीच्या आधी पाणी मोजा

पाकिटं आणायच्या आधी मे महिन्यात आपल्याकडं पाणी किती असणार ते बघा. लातूर, बीड, धाराशिवच्या लोकांना हे वेगळं सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात मोठ्या झालेल्या टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या एका झाडाला रोज साधारण दीड-दोन लिटर पाणी धरून चाला, वेलाला त्याहून जास्त. भांडी धुतलेलं, तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी रोज किती निघतं, टँकर किंवा नळ किती दिवसांनी येतो, हे धरून झाडं ठरवायची. चौघांच्या घराला ४ टोमॅटो, ४-५ मिरच्या, ३ वांगी, एक दोडका आणि एक काकडीचा वेल पुरतो. चाळीस रोपं करून मेमध्ये वाळवण्यापेक्षा दहा झाडं जगवलेली कधीही चांगली. रोपं मात्र गरजेपेक्षा निम्मी जास्त करा, कारण सगळीच टिकत नाहीत.

कधी काय टाकायचं

येळवस, म्हणजे वेळा अमावस्या झाली, रानात वनभोजन करून आलात, की टोमॅटोचं बी काढायचं. जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा टोमॅटोला सगळ्यात चांगला, २८-३० दिवसांत रोप तयार होतं. मिरची आणि वांगं संक्रांतीच्या आसपास टाका, वांग्याला ३०-३५ दिवस लागतात आणि मिरचीला ४०-४५, कारण मिरची उगवायलाच वेळ लावते आणि उगवल्यावरही पहिले पंधरा दिवस जागची हलत नाही. मिरचीला उशीर करू नका, दोन-चार दिवस लवकर झालं तरी चालेल.

काकडी, दोडका, कारलं, दुधी, टरबूज यांची घाई मात्र अजिबात करायची नाही. यांना रथसप्तमीच्या आसपास, म्हणजे जानेवारी अखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, कपात टाकायचं आणि दोन-अडीच आठवड्यांत लावून मोकळं व्हायचं. वेलाचं रोप कपात जास्त दिवस राहिलं की मुळं गोल गोल फिरतात, लावल्यावर रुसतं ते रुसतंच.

झेंडूही सांगून ठेवतो. पाडव्याला घरचा झेंडू पाहिजे असेल तर संक्रांतीच्या आसपास टाकून द्या, झेंडूला बी टाकल्यापासून फूल यायला साधारण दोन-सव्वादोन महिने लागतात. यंदा पाडवा कधी आहे ते कॅलेंडरवर बघून मागं मोजा.

बी कोणतं आणि ते जिवंत आहे का

कृषी सेवा केंद्रात गेलं की आधी पाकिटावरची तारीख बघायची. मिरचीचं बी लवकर म्हातारं होतं, दोन वर्षांपूर्वीचं पाकीट असलं तर निम्म्या उगवणीची अपेक्षा ठेवा, वांगी-टोमॅटोचं बी त्यापेक्षा जास्त टिकतं. हायब्रिड घ्यायचं का गावठी हा प्रत्येकाचा प्रश्न आहे, पण पुढच्या वर्षी स्वतःचं बी धरायचं असेल तर हायब्रिड नको, त्याच्या बीपासून झाडं एकसारखी येत नाहीत. सरळ म्हणजे हायब्रिड नसलेल्या वाणांत मिरचीला पुसा ज्वाला किंवा परभणी तेजस, वांग्याला मांजरी गोटा, टोमॅटोला पुसा रुबी ही जुनी, माहितीतली नावं आहेत. परभणीचं कृषी विद्यापीठ, १९७२ ला सुरू झालेलं, आता वसंतराव नाईकांच्या नावाचं, त्यांच्या भाजीपाल्याच्या वाणांची चौकशी जरूर करा. परभणी क्रांती भेंडी तिथलीच, पुसा सावनीचा जंगली भेंडीशी संकर करून हळद्या रोगाला तोंड देण्यासाठी काढलेली. भेंडी आपण थेट टाकणार आहोत, पण फेब्रुवारीत बाजूच्या वाफ्यात तिचे चार दाणे टोकायला काय हरकत आहे.

घरात डब्यात ठेवलेलं, शेजारणीनं दिलेलं बी असेल तर आधी तपासा. जूनच्या आधी सोयाबीनची उगवण गोणपाटात गुंडाळून तपासतो ना, तीच पद्धत, फक्त छोट्या मापात. जुन्या सुती कपड्याच्या ओल्या तुकड्यावर २० दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, प्लॅस्टिकच्या डब्यात टाकून झाकण सैल ठेवायचं आणि उबेच्या जागी ठेवून द्यायचं. टोमॅटोला आठवडा, मिरचीला दोन आठवडे द्या. २० पैकी १४-१५ ला मोड आले तर बी उत्तम, १० ला आले तर प्रत्येक खळग्यात दोन दाणे टाका, पाच-सहावर आलं तर नवीन पाकीट आणा. आणि ज्याला मोड आले ते फेकू नका, तेच उचलून लावता येतात, फक्त मोड मोडू द्यायचा नाही.

काळी माती ट्रेमध्ये नको

आपली काळी माती पिकाला सोन्यासारखी आहे पण ट्रेमध्ये ती कामाची नाही. ओली झाली की चिकट गोळा, वाळली की टणक होऊन कडेनं सुटते आणि मधल्या भेगेत कोवळं मूळ तुटतं. रोपासाठी हलकं, पाणी धरणारं आणि हवाही खेळणारं मिश्रण लागतं.

दोन वाटे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक वाटा गाळलेलं गांडूळखत, एवढ्यात काम होतं. कोकोपीटची वीट बादलीत भिजवायची, साडेसहाशे ग्रॅमची छोटी वीट फुगून आठ-दहा लिटर होते, घरच्या रोपांना ती पुरून उरते. भिजल्यावर ते पाणी पिळून टाकायचं, परत साधं पाणी घालायचं, परत पिळायचं, असं दोन-तीनदा. हे टाळू नका, कारण कोकोपीटमध्ये क्षार असतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार भरपूर, दोन्ही एकत्र आले की रोपांची पानं कडेनं करपतात आणि आपण रोग समजून औषध शोधत बसतो. गांडूळखत गव्हाच्या चाळणीनं नाही तर वाळूच्या बारीक चाळणीनं चाळा, गोळे आणि काड्या काढून टाका. शेणखत वापरायचं तर पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारंच, अर्धकच्चं शेणखत घरात आणलं की चिलटं आणि बुरशी दोन्ही सोबत येतात.

ओलावा बरोबर आहे का बघायला मिश्रण मुठीत घट्ट आवळायचं. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर बरोबर. धार लागली तर जास्त पाणी, भुगा होऊन सांडलं तर कमी. शेतात वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी ओल, ओळखणाऱ्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. या मिश्रणात किलोमागं चमचाभर ट्रायकोडर्मा पावडर मिसळून सावलीत दोन-तीन दिवस ओलसर झाकून ठेवलं तर मर रोगाचा, म्हणजे रोपं बुडाशी कुजून कोलमडण्याचा, त्रास बराच कमी होतो. पाकिटावरची मुदत बघून घ्या, ही जिवंत बुरशी असते, उन्हात ठेवलेल्या दुकानातली घेऊ नका.

कशात टाकायचं

नर्सरीवाले वापरतात तो ९८ खळग्यांचा प्रोट्रे कृषी सेवा केंद्रात मिळतो, कात्रीनं कापून चौथा हिस्सा वापरला तरी घराला भरपूर. टोमॅटो, वांगी, मिरची त्यात. वेलांना मोठा कप लागतो, चहाचे मोठे कागदी कप, दह्याचे डबे, दुधाच्या पिशव्या अर्ध्या कापून, काहीही चालतं, फक्त खाली भोकं पाहिजेत, एक नाही, तीन-चार. मागच्या वर्षीचे ट्रे असतील तर साबणानं घासून उन्हात दिवसभर पालथे ठेवा, मरची बुरशी जुन्या ट्रेच्या कोपऱ्यात चिकटून असते.

प्रत्येक ट्रेला नाव आणि तारीख लिहून चिकटवा. मिरची आणि टोमॅटो उगवल्यावर वेगळे ओळखू येतात, पण साधी मिरची आणि ढोबळी मिरची झाड मोठं होईपर्यंत नाही ओळखू येत.

बी टोकणं

टोमॅटो, वांगी, मिरचीचं बी अर्धा सेंटीमीटर खोल, वेलांचं बी दोन सेंटीमीटर. मोजपट्टी लागत नाही, दाण्याच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर आली पाहिजे. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं खळगा करायचा, दाणा टाकायचा, वरून कोरडं चाळलेलं कोकोपीट भुरभुरायचं आणि बोटानं हलकं दाबायचं म्हणजे दाणा आणि माती एकमेकांना टेकतात. काकडी-दोडक्याचं बी आडवं किंवा टोक खाली करून टाका.

मिरचीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं तर उगवण जरा लवकर येते. कारल्याचं कवच फार टणक असतं, टोकाकडची कड नेलकटरनं अगदी जराशी तोडून मग रात्रभर भिजवा, आतला गर दिसेल इतकं तोडायचं नाही. काकडी, दुधी आठ-दहा तास भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवले की दोन-तीन दिवसांत मोड येतो, मग टाकायचे. पण पाकिटातलं बी लाल-गुलाबी-निळं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे, ते भिजवू नका, हात साबणानं धुवा आणि लेकरांच्या हाती देऊ नका.

ऊब, उगवेपर्यंत

बी उगवेपर्यंत उजेड लागत नाही, ऊब लागते. टाकून झालं की ट्रेवर फवारणीच्या बाटलीनं पाणी मारायचं, वरून प्लॅस्टिकचा कागद किंवा ओलं गोणपाट झाकायचं आणि घरातली सगळ्यात उबदार जागा शोधायची. फ्रिजच्या वर, गॅसच्या ओट्याजवळच्या उंच फळीवर, कपाटाच्या माथ्यावर, कारण गरम हवा वर चढते आणि फरशीवर ट्रे ठेवला तर खालून गारठा लागतो. शहाबादी फरशी जानेवारीत पहाटे किती थंड पडते ते अनवाणी चालून बघा, ट्रेखाली निदान पोतं किंवा पुठ्ठा घाला. फार गारठा असेल त्या रात्री थर्माकोलच्या खोक्यात ट्रे आणि बाजूला गरम पाण्याची बाटली ठेवली तर सकाळपर्यंत ऊब टिकते.

ऊब मिळाली तर टोमॅटो पाच ते आठ दिवसांत, वांगं सात ते दहा, मिरची दहा ते पंधरा, काकडी चार-पाच दिवसांत वर येते. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून बघत राहा, आणि बघायचं म्हणजे जवळून बघायचं. आधी मातीचा एक बारीक तडा दिसतो, मग तडा उचलला जातो आणि खालून पांढरट-हिरवा आकडा वाकून बाहेर येतो, डोकं अजून मातीतच असतं. हा आकडा ट्रेमध्ये चार ठिकाणी दिसला की झाकण काढायची वेळ झाली. सगळे उगवायची वाट बघू नका. आकडा दिसल्यावर अंधारात एक दिवस जरी गेला तरी रोप उजेड शोधत लांब होतं आणि असं एकदा लांबलेलं रोप परत आखूड होत नाही.

उजेड, इथं सगळं ठरतं

घरात केलेली रोपं बारीक, पांढरट आणि लोळणारी होतात ही नेहमीची तक्रार आहे आणि त्याचं कारण बहुतेक वेळा उजेडच असतो. खिडकीत आपल्या डोळ्याला भरपूर प्रकाश वाटतो, रोपाला तो पुरत नाही, त्यात मच्छरदाणीची जाळी आणि रंगीत काच असेल तर आणखी कमी.

जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत दिवसभर ऊन आत येतं, पूर्वेच्या खिडकीत सकाळचं. उत्तरेची खिडकी रोपांसाठी नाहीच असं समजा. जुन्या माळवदाच्या घरात तर खिडक्याच लहान आणि भिंती जाड, तिथं घरात रोप वाढवायचा हट्ट धरू नये.

पण आपल्याकडं एक गोष्ट फार चांगली आहे, रात्री गारठा असला तरी दिवसा आभाळ स्वच्छ असतं आणि ऊन कडक पडतं, दुपारी पारा २८-३० पर्यंत जातो. म्हणून दिवसा बाहेर आणि रात्री घरात, ही आपल्या भागासाठी सगळ्यात चांगली पद्धत आहे, दिवे-बिवे काही लागत नाहीत. उगवल्यापासून पहिले तीन-चार दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग बाकी वेळ ओसरीत किंवा गॅलरीत उजेडाच्या सावलीत. नंतर रोज ऊन वाढवत न्या, आठवड्यानं रोपं सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत उन्हात राहू शकतात, तोपर्यंत ट्रे वाळत नाही ना एवढं बघायचं. दिवस मावळायच्या आधी घरात. ट्रे उचलायला सोपा जावा म्हणून जुन्या प्लायवर किंवा मोठ्या ताटात ठेवा, घरात जो सकाळी सगळ्यात आधी उठतो आणि जो संध्याकाळी घरी असतो त्यांना हे काम वाटून द्या.

छत्रपती संभाजीनगरात, नांदेडात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गॅलरीच नसेल तर साधी २० वॉटची पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब चालते, महागडी ग्रो लाइट नको. ट्यूब रोपांच्या डोक्यापासून १०-१५ सेंटीमीटरवर पाहिजे, छताला लावलेल्या ट्यूबचा काही उपयोग नाही, आणि रोज १४ तास. रोप वाढेल तशी ट्यूब वर घ्या. लाइट जाते तेवढा वेळ गेला म्हणून बिघडत नाही, रात्री जरा जास्त चालू ठेवायची. खिडकीतच ठेवणार असाल तर ट्रे रोज फिरवा आणि दिवसातून दोन-चारदा रोपांच्या शेंड्यावरून तळहात हलका फिरवा, त्यानं खोड जरा जाड होतं, वारा लागल्यावर होतं तसं.

पाणी

घरातली बरीच रोपं जास्त पाण्यानं मरतात. माया म्हणून सकाळ-संध्याकाळ ओतलेलं पाणी मुळाची हवा बंद करतं. ट्रे उचलून बघायचा, जड लागला तर पाणी नको, हलका लागला तर द्यायचं, दोन दिवसांत हाताला अंदाज येतो. वरून ओतण्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खालून ओढून घेतं, वरचा थर कोरडा राहतो आणि बुरशीला जागा मिळत नाही. पाणी सकाळीच द्या, आणि आदल्या दिवशी भरून घरात ठेवलेलं, पहाटेचं टाकीतलं बर्फासारखं पाणी कोवळ्या मुळांना देऊ नका.

बोअरचं पाणी फार क्षाराचं असेल, बादलीला पांढरा थर बसत असेल, तर रोपांपुरतं तरी पिण्याचं पाणी वापरा, एवढ्या ट्रेला दिवसाला तांब्याभरही लागत नाही. आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी झाडांना चालतं असं काही जण सांगतात, रोपांना ते देऊ नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात.

खत आणि विरळणी

उगवताना येणारी पहिली दोन गुळगुळीत पानं ही बीतलीच असतात, त्यांच्यानंतर येतात ती खरी पानं, टोमॅटोची कातरलेली, वांग्याची लवदार. खरी पानं येईपर्यंत काहीही खत नको. नंतर आठवड्याला एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला १ ग्रॅम, यापेक्षा जास्त नको, किंवा गांडूळखताचं पाणी पातळ करून. नुसत्या कोकोपीटमध्ये रोपाला खायला काही नसतं म्हणून पानं पिवळट पडतात, तेव्हा पाणी वाढवून उपयोग नाही. एका खळग्यात दोन रोपं आली तर बारकं रोप कात्रीनं बुडाशी कापा, उपटलं तर दुसऱ्याची मुळं हलतात.

रोप कोलमडलं तर

काल संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं, पानं अजून हिरवीच असतात. वाकून बघा, खोड मातीला टेकतं तिथं दोऱ्यानं आवळल्यासारखं बारीक आणि तपकिरी झालेलं असतं. हा मर रोग, पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरश्या तो करतात, आणि त्यांना गारठा, दाटी आणि चिकचिक ओल या तीन गोष्टी लागतात. पडलेलं रोप वाचत नाही, ते आजूबाजूच्या मातीसकट काढून लांब टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी एक-दोन दिवस थांबवा, ट्रे उन्हात आणि वाऱ्यात ठेवा, घरात असाल तर पंखा हळू लावा. पसरतच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन रोपांच्या बुडाशी ओता, हातमोजे घालून, स्वयंपाकघराच्या बाहेर. ट्रायकोडर्मा आणि हे औषध एकाच वेळी देऊ नका, औषध त्या चांगल्या बुरशीलाही त्रास देतं.

पांढरी माशी

आपल्याकडं जानेवारीत बऱ्याच रानांत कपाशीची फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही न काढता राखलेली कपाशी, उभी असते आणि तिच्यावर पांढरी माशी. कपाशी वाळली की ती हिरवं कोवळं शोधत निघते आणि ओसरीतला तुमचा टोमॅटोचा ट्रे तिला सापडतो. टोमॅटोचा आणि मिरचीचा पानं गोळा होण्याचा व्हायरस, ज्याला चुरडामुरडा किंवा बोकड्या म्हणतात, ती पसरवते, आणि मिरचीत फुलकिडे आणि कोळी यांनीही पानं आकसतात. व्हायरस झालेलं रोप कशानंच बरं होत नाही, म्हणून इथं औषधापेक्षा आडोसा महत्त्वाचा. ट्रे बाहेर नेताना पहिल्या दिवसापासून त्यावर बारीक विणीची नायलॉन जाळी टाका, चार काड्या रोवून तंबू केला की पानांना टेकत नाही, कडा विटांनी दाबा. साधी मच्छरदाणी डासांपुरती असते, तिच्या छिद्रातून पांढरी माशी आत येते, म्हणून नर्सरीवाल्यांची ४० मेशची जाळी मीटरभर आणा. शेजारी पिवळा चिकट सापळा टांगला तर माशी आली की नाही ते कळतं.

चिमण्या कोवळी पानं टोचतात, खारी आणि उंदीर काकडी-भोपळ्याचं टाकलेलं बी उकरून खातात, जाळीनं पक्षी थांबतात, उंदरासाठी रात्री घरात ट्रे उंच आणि झाकून. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की झालं.

रोप कणखर करणं आणि लावणी

लावणीच्या आठवडाभर आधी रोपांचे लाड कमी करायचे. पाणी जरा ओढून द्या, पानं किंचित मान टाकायच्या आधी, खत बंद, आणि रात्रीचा पारा १२ च्या वर असेल तर रात्रीही बाहेर ठेवा. दुपारचं पूर्ण ऊनही आता सवयीचं व्हायला पाहिजे, कारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आपल्याकडं दुपारी चांगलंच भाजतं आणि सावलीत वाढलेलं रोप थेट लावलं की पानं पांढरी पडून करपतात.

तयार रोप म्हणजे टोमॅटो-वांग्याला चार-पाच खरी पानं, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचं खोड, ट्रेतून उचलल्यावर मुळांनी माती धरून ठेवलेली आणि मुळं पांढरी. उंच रोप म्हणजे चांगलं रोप असं नाही, वीतभरापेक्षा कमी पण जाड असलेलं रोप लवकर लागतं.

लावणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आळ्यात आधी पाणी सोडून वाफसा येऊ द्या. टोमॅटो पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोल लावा, खोडाला नवीन मुळं फुटतात, उन्हाळ्यात त्याचा फार फायदा होतो. वांगं आणि मिरची ट्रेत होती तेवढीच खोल. वेलाचा कागदी कप फाडून गोळा न फोडता अलगद बसवा. नंतर लगेच हलकं पाणी आणि आच्छादन, सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट, उसाचं पाचट, जे असेल ते चार बोटं जाड, खोडाला चिकटवू नका. पहिले तीन-चार दिवस दुपारच्या बाजूनं म्हणजे पश्चिमेला दोन तुराट्या रोवून त्यावर जुनी साडी बांधली की सावली होते, नंतर काढून टाका. तुराट्या ठेवा, टोमॅटो आणि काकडीला आधार द्यायला त्याच लागतात. पाणी कमी असणाऱ्यांनी दोन झाडांच्या मध्ये जुना मातीचा माठ तोंडापर्यंत पुरा, त्याच्या झिरपणाऱ्या पाण्यावर उन्हाळ्यात झाडं टिकतात, फक्त माठ नवा असो की जुना, आतून-बाहेरून रंगवलेला नको.

उरलेलं बी पाकिटासकट काचेच्या बरणीत, सोबत पुरचुंडीत कोरडी राख किंवा भाजून गार केलेले तांदूळ टाकून घट्ट बंद करा आणि अंधारात, गार जागी ठेवा. बरणीवर वर्ष लिहा. पत्र्याच्या खोलीत मेमध्ये ठेवलेलं बी जुलैपर्यंतसुद्धा टिकत नाही, म्हणून बरणी माठाजवळच्या कोपऱ्यात किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. जूनच्या पहिल्या पावसानंतर वांगी आणि मिरचीचं रोप परत टाकायचं असतं, तेव्हा हेच बी कामाला येतं.